क्लाउड डेटाबेसमधील डेटा प्रवाहन

क्लाउड डेटाबेसमधील डेटा प्रवाहन म्हणजे दूरस्थ सर्व्हरवरील डेटाबेसमधून मोठ्या प्रमाणातील नोंदी एकाच वेळी न उचलता लहान लहान तुकड्यांत, सलगपणे वाचण्याची पद्धत. या पद्धतीत प्रत्येक तुकडी हाती येताच तिच्यावर प्रक्रिया केली जाते आणि मग पुढील तुकडी मागवली जाते. त्यामुळे वाचणाऱ्या संगणकाच्या स्मृतीत संपूर्ण डेटा मावण्याची गरज उरत नाही. प्रवाहनाचे यश केवळ वेगावर ठरत नाही. मूळ साठ्यातील प्रत्येक नोंद दुसऱ्या टोकाला एकदाच आणि नेमकी पोहोचली की नाही, हा त्याचा मुख्य निकष आहे.

भूमी अभिलेख, पीक पाहणी आणि नद्यांच्या विसर्गाची मोजणी ही महाराष्ट्रातील मोठ्या प्रमाणातील डेटाची परिचित क्षेत्रे आहेत. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांत ही तिन्ही एकत्र आढळतात. भीमा नदी काही अंतरापर्यंत या दोन तालुक्यांची सीमा आहे. शिरूर हे घोड नदीच्या काठी, तर दौंड हे भीमेच्या काठी वसलेले आहे.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्रात जमिनीच्या नोंदी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालील १९७१ च्या नियमांनुसार ठेवल्या जातात. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. दोन्ही मिळून सातबारा उतारा तयार होतो. राज्यात ३५८ तालुके असून सातबारा उताऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे. या नोंदींचे संगणकीकरण झाल्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेले उतारे ऑनलाइन उपलब्ध होऊ लागले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत शेतकरी मोबाइल अ‍ॅपद्वारे आपल्या शेतातील पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करतो. २०२२ मधील सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, तसेच १० टक्के नोंदींची तलाठ्यामार्फत पडताळणी करण्याची तरतूद झाली. नैसर्गिक आपत्तीतील मदत, पीक विमा, पीक कर्ज आणि हमीभावाने खरेदी यांत ही नोंद विचारात घेतली जाते. म्हणूनच तिची प्रत घेताना एखादी ओळ गळली, तर ती चूक तांत्रिक न राहता खातेदाराच्या हक्कापर्यंत पोहोचते.

एका खातेदाराचा उतारा पाहणे आणि एका तालुक्याच्या सर्व नोंदी वाचणे ही दोन वेगळ्या स्वरूपाची कामे आहेत. पहिल्यात डेटाबेस निर्देशिकेच्या आधारे थेट एका नोंदीपर्यंत पोहोचतो. दुसऱ्यात लाखो ओळी क्रमाने वाचाव्या लागतात. डेटा प्रवाहनाची गरज या दुसऱ्या प्रकारच्या कामात निर्माण होते.

## कार्यपद्धती

### तुकडीचा आकार

समजा, एका तालुक्याच्या ५ लाख नोंदी वाचायच्या आहेत आणि प्रत्येक नोंद २ किलोबाइटची आहे. एकूण डेटा सुमारे १ गिगाबाइट होतो. १० मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या जोडणीवर तो येण्यास सुमारे १३ मिनिटे लागतात. सर्व नोंदी एकदम मागवल्यास हा पूर्ण भार वाचणाऱ्या प्रोग्रामच्या स्मृतीवर पडतो. १,००० नोंदींची तुकडी केल्यास एका वेळी स्मृतीत केवळ २ मेगाबाइट डेटा राहतो व ५०० तुकड्यांत काम पूर्ण होते.

तुकडी फार लहान ठेवणेही हिताचे नसते. सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास ४० मिलिसेकंद लागतात असे धरल्यास, ५०० फेऱ्यांमुळे एकूण वेळेत २० सेकंदांची भर पडते. तीच वाचणी एकेक नोंद मागवून केल्यास ५ लाख फेऱ्या होतात आणि केवळ प्रतीक्षेत साडेपाच तासांहून अधिक वेळ जातो.

### कर्सर

कर्सर ही डेटाबेसने वाचनाच्या स्थानासाठी ठेवलेली खूण होय. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे नेहमीचे ग्राहक-सॉफ्टवेअर संपूर्ण उत्तर आधी स्मृतीत गोळा करते. मात्र सर्व्हरवर कर्सर घोषित केल्यास ठरावीक संख्येने ओळी मागवता येतात. मायएसक्यूएलच्या जावा जोडणीतही सर्व ओळी स्मृतीत आणणे हेच मूळ वर्तन असून प्रवाही वाचन स्वतंत्रपणे सुरू करावे लागते. मोंगोडीबी पहिल्या तुकडीत साधारणपणे १०१ दस्तऐवज देते. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबीमध्ये एका मागणीत जास्तीत जास्त १ मेगाबाइट डेटा वाचला जातो आणि पुढील मागणीसाठी शेवटच्या वाचलेल्या किल्लीचे मूल्य परत मिळते. गुगलच्या बिगक्वेरीमध्ये एकच तक्ता अनेक समांतर प्रवाहांत विभागून वाचता येतो.

### पृष्ठांकन

कर्सर उघडा ठेवणे शक्य नसते तेव्हा डेटा पानापानाने मागवला जातो. 'पहिल्या इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या' अशी मागणी सोपी असली, तरी सोडलेल्या ओळीही डेटाबेसला ओलांडाव्या लागतात. वरील उदाहरणात ५०० पाने अशा रीतीने वाचताना एकूण सुमारे १२.५ कोटी ओळी हाताळल्या जातात. शिवाय वाचन सुरू असताना मध्येच नवी नोंद दाखल झाली, तर पुढच्या सर्व ओळी एका स्थानाने सरकतात आणि एखादी नोंद दोनदा मिळते. नोंद वगळली गेल्यास दुसरी एखादी नोंद वाचायची राहून जाते.

यावर उपाय म्हणजे किल्लीवर आधारित पृष्ठांकन. त्यात शेवटी वाचलेल्या नोंदीची किल्ली लक्षात ठेवून 'हिच्या पुढच्या नोंदी द्या' असे मागितले जाते. त्यासाठी किल्ली अद्वितीय आणि निश्चित क्रमाची असावी लागते. जमिनीच्या नोंदींत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. मुंबईचा १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरण कायदा लागू झाल्यावर ज्या गावांत एकत्रीकरण योजना पूर्ण झाली, तेथे जुन्या सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. गट क्रमांक फक्त त्या गावापुरता अद्वितीय असतो. म्हणून केवळ गट क्रमांकावर क्रम लावल्यास निरनिराळ्या गावांच्या नोंदी एकमेकांत मिसळतात. तसेच १२/१/अ यांसारखे पोटहिस्से असल्याने तो मजकूर म्हणून साठवला जातो आणि मजकुराच्या क्रमात १० हा २ च्या आधी येतो. अशा ठिकाणी गावाचा संकेतांक आणि नोंदीचा स्वतंत्र क्रमांक यांची जोडकिल्ली वापरणे सुरक्षित असते.

### प्रतिदाब

डेटा पाठवणारा सर्व्हर वेगवान आणि तो घेणारा प्रोग्राम संथ असल्यास मधल्या साठवणीत नोंदी तुंबतात. घेणाऱ्याने आपल्या क्षमतेनुसार पाठवणाऱ्याला थांबवण्याच्या व्यवस्थेला प्रतिदाब म्हणतात. पाटाच्या शेवटच्या टोकाचे बारे भरले की वरची दारे खाली करावी लागतात, तसाच हा प्रकार आहे. ही व्यवस्था नसल्यास प्रवाही वाचनातही स्मृती संपून प्रोग्राम बंद पडू शकतो.

## मर्यादित आणि अखंड प्रवाह

तालुक्याच्या सर्व सातबारा नोंदी वाचणे हा मर्यादित प्रवाह होय. त्याला निश्चित शेवट असतो. नदीच्या विसर्गाची मोजणी हा अखंड प्रवाह आहे. त्यात मोजमापे येतच राहतात.

दौंड येथील भीमेचा विसर्ग हे याचे ठळक उदाहरण आहे. मुळा-मुठा आणि घोड या उपनद्यांचे पाणी घेऊन भीमा पुढे सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणाच्या जलाशयाला मिळते. या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यामुळे पावसाळ्यात दौंड येथे मोजलेला विसर्ग उजनीत येणाऱ्या पाण्याचा अंदाज देतो आणि धरणाखालील नदीकाठच्या गावांच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा असतो. शिरूर तालुक्यातील चिंचणी येथील घोड धरणातून सोडलेले पाणीही घोड नदीवाटे भीमेत येते. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी तत्काळ माहिती संकलनाची आणि प्रवाहाच्या पूर्वानुमानाची यंत्रणा उभारली.

अशा प्रवाहात गळलेल्या मोजमापाचा परिणाम गणिताने दाखवता येतो. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग २४ तास टिकल्यास १ टीएमसी पाणी वाहून जाते. विसर्ग ५०,००० क्युसेक असताना एका तासाची मोजमापे शून्य धरली गेली, तर एकूण आवकेत ०.१८ टीएमसीची तूट दिसते. तीच मोजमापे दोनदा धरली गेल्यास तेवढेच पाणी हिशेबात वाढते. म्हणून प्रत्येक मोजमापासोबत ठिकाण आणि मोजणीची वेळ नोंदवणे आवश्यक असते. मोजणीची वेळ आणि ते मोजमाप सर्व्हरवर पोहोचण्याची वेळ वेगळी असू शकते. पुराच्या काळात संपर्क खंडित झाल्यास हा फरक वाढतो. 'मोजमाप आले नाही' आणि 'विसर्ग शून्य आहे' या दोन बाबी डेटाबेसमध्ये स्वतंत्रपणे दाखवाव्या लागतात.

अखंड प्रवाहांसाठी अपाचे काफ्का यांसारखी साधने वापरली जातात. लिंक्डइन कंपनीत विकसित झालेले हे सॉफ्टवेअर २०११ मध्ये मुक्त स्रोत करण्यात आले. त्यात संदेश क्रमाने साठवले जातात आणि वाचणारा आपण कुठपर्यंत वाचले याची नोंद ठेवतो.

## अचूकता आणि पडताळणी

### वाचनकाळातील बदल

मोठी वाचणी चालू असताना मूळ नोंदी बदलू शकतात. अनेक डेटाबेस वाचन सुरू झाल्या क्षणीचे स्थिर रूप शेवटपर्यंत दाखवतात, त्यामुळे आकडे परस्परविसंगत होत नाहीत. मात्र या सोयीसाठी ओळींच्या जुन्या आवृत्त्या जपाव्या लागतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये दीर्घकाळ उघडा राहिलेला व्यवहार अशा जुन्या ओळींच्या साफसफाईत अडथळा आणतो.

स्थिर रूपाची प्रत काही काळाने जुनी होते. ई-पीक पाहणीत सोमवारी नोंदवलेले पीक शेतकऱ्याने मंगळवारी दुरुस्त केले, तर सोमवारी रात्री घेतलेल्या प्रतीत चुकीचेच पीक राहते. त्यामुळे पूर्ण प्रत एकदा घेतल्यानंतर पुढे केवळ बदललेल्या नोंदींचा प्रवाह वाचण्याची पद्धत वापरली जाते. त्यात नव्या, दुरुस्त आणि वगळलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या नोंदी कळणे आवश्यक असते.

### अपूर्ण प्रवाह

प्रवाहनातील सर्वांत धोकादायक दोष म्हणजे पूर्ण भासणारी अपूर्ण प्रत. वेबवरून डेटा पाठवताना यशाचा संकेत, म्हणजे २०० हा क्रमांक, आरंभीच पाठवला जातो. त्यानंतर डेटाबेसशी संपर्क तुटला, तरी तो संकेत मागे घेता येत नाही. परिणामी फाइल उघडते, तिच्यातील ओळी वाचता येतात, परंतु अखेरची काही गावे तिच्यात नसतात.

हे टाळण्यासाठी प्रवाहाच्या शेवटी समाप्तीची खूण व एकूण नोंदींची संख्या पाठवली जाते. जमिनीच्या डेटासाठी संख्येसोबत क्षेत्राचा ताळाही घेता येतो. महसुली व्यवस्थेत गावच्या आकारबंदातील क्षेत्र आणि सातबारावरील क्षेत्र यांचा मेळ घालण्याची पद्धत आहेच. त्याच धर्तीवर मूळ आणि प्रत यांतील गावनिहाय नोंदसंख्या व क्षेत्राची बेरीज पडताळल्यास दोष नेमक्या कोणत्या गावात आहे हे समजते. तालुक्याची एकत्रित बेरीज पुरेशी नसते. एका गावातील गळती दुसऱ्या गावातील दुबार नोंदींनी झाकली जाऊ शकते.

### पुन्हा सुरुवात

जोडणी तुटल्यावर वाचन आरंभापासून करावे लागू नये म्हणून प्रत्येक तुकडी सुरक्षितपणे साठवल्यानंतर शेवटची किल्ली नोंदवली जाते. किल्ली आधी नोंदवून तुकडी नंतर साठवल्यास मध्ये आलेल्या अडथळ्याने ती तुकडी कायमची गळते. योग्य क्रम पाळला तरी एखादी तुकडी दोनदा येण्याची शक्यता राहते. म्हणून तीच नोंद पुन्हा आल्यास नवी ओळ न वाढवता जुनी ओळ अद्ययावत करण्याची व्यवस्था ठेवली जाते.

## खर्च, स्थान आणि गोपनीयता

क्लाउड सेवांमध्ये साठवणुकीखेरीज बाहेर जाणाऱ्या डेटावरही सामान्यतः शुल्क आकारले जाते. त्यामुळे संपूर्ण तक्ता बाहेर आणून मग गाळणी लावण्याऐवजी आवश्यक गावे, हंगाम व रकाने यांची निवड डेटाबेसमध्येच करणे किफायतशीर ठरते. डेटा केंद्राचे अंतर कमी असल्यास प्रत्येक फेरीचा वेळही घटतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात सुरू केलेल्या क्लाउड केंद्रांपैकी एक पुण्यात आहे. मुंबईत अ‍ॅमेझॉनचे केंद्र २०१६ मध्ये, तर गुगलचे २०१७ मध्ये सुरू झाले. शासकीय कामकाजासाठी भारत सरकारचा 'मेघराज' हा क्लाउड उपक्रम आहे.

जमीन व पीक यांच्या नोंदींसोबत खातेदाराचे नाव, मोबाइल क्रमांक, शेताचे स्थान इत्यादी वैयक्तिक माहिती जोडलेली असू शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा अशा माहितीच्या वापराशी संबंधित कायदा आहे. पिकाखालील क्षेत्राची गावनिहाय बेरीज काढण्यासाठी खातेदाराचा मोबाइल क्रमांक लागत नाही. असे रकाने प्रवाहातून वगळणे हा खर्च आणि गोपनीयता या दोन्ही दृष्टींनी योग्य उपाय मानला जातो.

## मर्यादा

सर्व कामांसाठी प्रवाहन उपयुक्त नसते. काही शे नोंदी एकदम वाचणे अधिक सोपे असते. सर्व नोंदींचा क्रम लावणे किंवा मध्यक काढणे यांसारख्या क्रियांना संपूर्ण डेटा पाहावा लागत असल्याने त्या डेटाबेसमध्येच करणे सोयीचे असते. तसेच पीक पाहणीच्या मुदतीच्या अखेरच्या दिवसांत, जेव्हा नोंदी दाखल करणाऱ्यांची संख्या वाढते, तेव्हा त्याच सर्व्हरवर मोठी वाचणी केल्यास शेतकऱ्यांच्या कामात विलंब होऊ शकतो. त्यासाठी वाचनाची स्वतंत्र प्रतिकृती ठेवली जाते किंवा वाचणी रात्रीच्या वेळी केली जाते.

## हेही पहा

- सातबारा उतारा
- ई-पीक पाहणी
- भीमा नदी
- उजनी धरण
- क्लाउड संगणन