पाच आणे चार पै

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी नव्या वहीशेजारी आजोबांची जुनी वहीही पाटावर ठेवतात. परसातल्या केळींचा आठवड्याला एक रुपया येई, तो तिघांत वाटायचा, त्याचा तो हिशेब. तिघे म्हणजे आजोबा, त्यांचे धाकटे बंधू आणि मधल्या भावाच्या माघारी राहिलेली आमची मधली आजी. पानोपान प्रत्येकाच्या नावापुढे एकच नोंद: 5 आणे 4 पै.

रुपयाचे आणे सोळा आणि आण्याच्या पै बारा. म्हणजे रुपयाच्या पै 192. तीन वाटे केले की 64 पै, अगदी काटेकोर. मी शाळेत मराठी शिकवतो. गणिताला दुरूनच नमस्कार करणारा माणूस. पण या नोंदीने मला थांबवले. आपण दहा जमले की एक घर पुढे सरकतो, तसे बाराला सरकलो, तर 64 ही संख्या कशी लिहावी लागेल? पाच वेळा बारा आणि वर चार, म्हणून 54! आजोबा आण्यापैंच्या दोन रकान्यांत नकळत बाराची लिपीच लिहीत होते.

या लिपीत 12 होतात 10, आणि 144, म्हणजे बारा डझन, होतात 100. दहा आणि अकरा यांना मात्र नवी चिन्हे हवीत. लघुलेखनाचे जनक आयझॅक पिटमन यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. कारण उघड आहे. दहाला दोनाने आणि पाचाने भाग जातो. बाराला दोन, तीन, चार, सहा अशा चौघांनी. त्यामुळे बाराच्या लिपीत नुसता शेवटचा आकडा पाहून संख्येला तिनाने किंवा चाराने भाग जातो की नाही, हे कळते. मुलांसाठी आणखी एक गंमत: कोणत्याही संख्येचा वर्ग या लिपीत लिहा, शेवटी 0, 1, 4 किंवा 9 यांपैकीच आकडा येईल.

संख्या तीच असते. पोशाख बदलला की तिचे काही गुण डोळ्यांत भरतात, काही झाकले जातात.

1 एप्रिल 1957 रोजी आपल्याकडे रुपयाचे शंभर नये पैसे झाले. इंग्लंडनेही 15 फेब्रुवारी 1971 ला बारा पेनींचा शिलिंग सोडला. दशमानाने हिशेब सोपे झाले, यात शंका नाही. तोंडी पावकी-निमकीच्या ओझ्याखालून पोरे सुटली. पण शंभराचे तीन सारखे वाटे होत नाहीत. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, आणि एक पैसा उरतोच.

तो कुणाचा? एका पैशावरूनही भावाभावांत चुली वेगळ्या होतात. मी उत्सुकतेने वहीतली 1957 नंतरची पाने उलटली. आजोबांच्या नावापुढे 33, धाकट्या आजोबांच्या 33 आणि मधल्या आजीच्या नावापुढे, दर आठवड्याला, 34. शेजारी शेरा नाही, खुलासा नाही.

बारात समान वाटणी आकड्यांनीच करून दिली होती. दहात ती माणसांना करावी लागली. यंदाही त्या वहीवर हळदकुंकू वाहताना माझे बोट त्या 34 वर क्षणभर थांबेल.