ओळखीचे हात: स्पॅनिश भाषकांसाठी सहा इंग्रजी ओळींवर भाष्य

इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश भाषकाला हाताचे वाक्प्रचार परके वाटत नाहीत. वापरलेली गाडी इंग्रजीत 'सेकंड-हँड', स्पॅनिशमध्ये 'दे सेगुंदा मानो'. नाइलाज सांगायचा तर दोन्हीकडे हात बांधलेले. या साम्यामुळे शिक्षक हा भाग भराभर उरकतात आणि माझ्या मते गफलत तिथेच होते. अनोळखी वाक्प्रचार समोर आला की विद्यार्थी थबकतो, शब्दकोश उघडतो. ओळखीचा वाटला की तो विचारतच नाही. पुढच्या सहा ओळी रोजच्या बोलण्यातल्या आहेत.

१. 'शी नोज द सिटी लाइक द बॅक ऑफ हर हँड.'

शहर तिला खडान्‌खडा माहीत आहे, हा अर्थ लगेच कळतो. अडतं ते 'बॅक' या पदापाशी. हेच स्पॅनिश माणूस 'कोमो ला पाल्मा दे ला मानो' असं सांगतो, म्हणजे तो तळहाताकडे बघतो आणि इंग्रज हाताच्या पाठीकडे. 'पाम' म्हणून गेलं तर बिघडलं काय? बिघडतं, कारण इंग्रजीत तळहाताचं काम वेगळं आहे. कोणी कोणाच्या 'पाम ऑफ द हँड'मध्ये असला, तर तो पुरता त्याच्या मुठीत असतो. ओळख सांगायला निघालेलं वाक्य सत्तेकडे झुकतं.

२. 'शी हॅज हर हँड्स फुल.'

तिला कामातून मान वर करायला फुरसत नाही, इतकंच. पण स्पॅनिश कानाला इथे 'आ मानोस येनास' ऐकू येतं, म्हणजे भरभरून, सढळ हाताने. तेव्हा विद्यार्थी समजतो की बाईकडे सुबत्ता आहे. ओळीचा खरा जोडीदार 'नो दार आबास्तो', कामाला पुरं न पडणं. त्यात हात कुठेच नाही. म्हणून तो आपणहून आठवत नाही, शिकवावा लागतो.

३. 'आय वॉश माय हँड्स ऑफ इट.'

उगम दोन्ही भाषांत एकच. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २७व्या अध्यायात रोमन सुभेदार पिलात जमावासमोर हात धुतो आणि येशूच्या रक्ताची जबाबदारी नाकारतो. अर्थ जुळतो, पण व्याकरण जुळत नाही. स्पॅनिशमध्ये 'मे लाबो लास मानोस': हात कोणाचे हे 'मे' सांगतो, म्हणून हातांपुढे नुसतं उपपद पुरतं. त्या सवयीने विद्यार्थी 'आय वॉश द हँड्स' म्हणतो. 'माय' हवंच. त्याहून महत्त्वाचं 'ऑफ'. स्पॅनिश वाक्य प्रसंगावरून अंग काढून घेण्याचा अर्थ देतं. इंग्रजीत 'ऑफ इट' गळलं तर माणूस बेसिनपाशी साबण लावत उभा असतो. मराठी वाचकाने तर इथे दुप्पट सावध राहावं. आपण हात झटकतो. हात धुतो ते संधी साधताना किंवा कोणाच्या मागे लागताना.

४. 'दे कॉट हिम रेड-हँडेड.'

हा लाल रंग रक्ताचा. पंधराव्या शतकातल्या स्कॉटिश कायद्यात 'रेड हँड' म्हणजे गुन्ह्याच्या खुणेसकट सापडलेला माणूस. 'रेड-हँडेड' हे रूप वॉल्टर स्कॉटच्या १८१९च्या 'आयव्हनहो'मध्ये येतं. आपल्याला 'रंगेहाथ' असल्याने हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. स्पॅनिश चोर मात्र 'कोन लास मानोस एन ला मासा' सापडतो, मळलेल्या कणकेत हात असताना. हे बोल इतके घरगुती आहेत की स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर १९८४ ते १९९१ या काळात त्याच नावाचा पाककृतींचा कार्यक्रम चालला.

५. 'वी आर शॉर्ट-हँडेड टुडे.'

सहा ओळींत सगळ्यात फसवी हीच. स्पॅनिशमध्ये हात आणि विशेषण जोडून एकच शब्द करण्याची रीत आहे. 'मानिर्रोतो' म्हणजे तुटक्या हाताचा, अर्थात उधळ्या. 'मानिकोर्तो' म्हणजे आखूड हाताचा, अर्थात कंजूष. हॉटेलातल्या व्यवस्थापकाने 'वी आर शॉर्ट-हँडेड' म्हटलं की विद्यार्थ्याला वाटतं, हा आपल्या चिकटपणाची कबुली देतोय. तो सांगत असतो की आज माणसं कमी आहेत. इथे 'हँड' म्हणजे कामाला असलेला माणूस, जसा शेतावर 'फार्महँड'. गंमत अशी की हा अर्थ स्पॅनिशमध्येही आहे. मजूरवर्गाला तिथे 'मानो दे ओब्रा' म्हणतात आणि माणसं कमी पडली की 'फाल्तान मानोस'. विद्यार्थ्याला योग्य दार दाखवलं तर तो आपल्याच भाषेतून अर्थापर्यंत पोचतो. कंजुषासाठी इंग्रजीत 'टाइट-फिस्टेड', आवळलेल्या मुठीचा.

याच घडणीच्या 'लेफ्ट-हँडेड कॉम्प्लिमेंट'बद्दलही सांगून ठेवावं. ती टोमणा दडलेली स्तुती. स्पॅनिशमध्ये मात्र 'मानो इस्किएर्दा', डावा हात, असणं म्हणजे माणसं चतुराईने हाताळता येणं. आपल्याकडे ते आहे असं ऐकून कोणीही खूश होईल.

६. 'द फ्लॅट इज फार फ्रॉम द स्टेशन. ऑन द अदर हँड, द रेंट इज लो.'

बोलण्यापेक्षा निबंधात हे पद जास्त छळतं. स्पॅनिश 'पोर ओत्रो लादो' विरोध दाखवतं, तसं नुसती भर घालायलाही चालतं. इंग्रजी पदाला विरोधच लागतो. वरच्या ओळीत लांब अंतरासमोर कमी भाडं आहे, म्हणून ती ठीक. 'फ्लॅट मोठा आहे. ऑन द अदर हँड, त्याला बाग आहे' असं लिहिलं तर इंग्रजी वाचक बागेत काहीतरी खोट शोधू लागतो. तिथे 'इट ऑल्सो हॅज' पुरे. आधी 'ऑन द वन हँड' आलंच पाहिजे असं मात्र नाही. विद्यार्थी तो नियम समजून दोन्ही हात दर परिच्छेदात कोंबतात आणि चांगला मजकूर जड करून ठेवतात.