आरोग्यनोंद प्रणालीची निवड : अमेरिकेतील माजी सैनिक रुग्णालयांचा अनुभव (१९७७ ते २०२३)

प्रस्तावना

रुग्णालयाने कोणती संगणकीय आरोग्यनोंद प्रणाली स्वीकारावी, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. निविदा मागवाव्यात, तुलनात्मक तक्ता करावा आणि वाजवी दर देणाऱ्यास काम द्यावे, अशी त्याची रीत ठरून गेलेली आहे. प्रत्यक्षात मात्र केसपेपरवर काय लिहिले जावे, ते कोणी लिहावे आणि लिहिलेले कोणापर्यंत पोहोचावे, या गोष्टी प्रणालीच्या निवडीबरोबरच ठरून जातात. म्हणून ही निवड कोणी करावयाची, हाच या विषयातील मूळ प्रश्न होय. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा इतिहास या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. एकाच संस्थेने चाळीस वर्षांच्या अंतराने दोनदा ही निवड केली आणि दोन्ही वेळची पद्धत परस्परांच्या अगदी उलट होती.

रुग्णालयांतून उगवलेली प्रणाली

१९७० च्या दशकात माजी सैनिक प्रशासनाचे संगणकीय कामकाज केंद्रीय कार्यालयाच्या ताब्यात होते. मोठी यंत्रे, दूरची केंद्रे आणि वर्षानुवर्षे न हलणारे प्रस्ताव असे त्याचे स्वरूप होते. १९७७ च्या सुमारास टेड ओ'नील आणि मार्टी जॉन्सन यांनी वेगळा मार्ग सुचविला. प्रत्येक रुग्णालयात लहान संगणक असावा आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते यांच्या शेजारी बसून ती लिहावी, ही त्यांची कल्पना होती. त्यासाठी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात तयार झालेली 'मम्प्स' ही संगणकभाषा निवडण्यात आली. रुग्णालयातील माहितीसाठीच ती घडविली गेली होती. जॉर्ज टिमसन यांनी लिहिलेल्या 'फाइलमॅन' या आज्ञावलीमुळे एका रुग्णालयात तयार झालेला भाग दुसऱ्या रुग्णालयात वापरणे शक्य झाले.

केंद्रीय कार्यालयास हे रुचले नाही. काम थांबविण्याचे आदेश निघाले, काही ठिकाणची यंत्रे हलविण्यात आली, काहींना पदांवरून दूर व्हावे लागले. तरीही निरनिराळ्या गावांतील डॉक्टर आणि आज्ञावलीकार एकमेकांना आज्ञावल्या पाठवीत राहिले. गुलामांना गुप्तपणे मुक्ततेकडे नेणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील वाटेचे नाव घेऊन हे लोक स्वतःस 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणवून घेत. नोकरशाहीतील भांडणास हे नाव काहीसे जड वाटते. पण त्यातून त्यांची जिद्द कळते. अखेर १९८२ मध्ये प्रशासक रॉबर्ट निमो यांनी या विकेंद्रित कार्यक्रमास अधिकृत मान्यता दिली. काँग्रेसमध्ये सनी माँटगोमेरी यांचे पाठबळ त्यास लाभले होते. जे आधीच चालू होते, तेच मान्य झाले. या अर्थाने पहिली निवड कोणत्याही समितीने केली नाही, ती वापरणाऱ्यांच्या हातून घडून गेली.

१९९० च्या दशकात केनेथ कायझर यांच्या कारकिर्दीत या प्रणालीस 'व्हिस्टा' हे नाव मिळाले आणि डॉक्टरांना एकाच पडद्यावर संपूर्ण नोंद पाहता येऊ लागली. औषध देताना रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन यांवरील बारकोड जुळवून पाहण्याची पद्धतही याच काळातली. टोपेका येथील परिचारिका सू किनिक यांना ती सुचली भाड्याची मोटार परत करताना. तेथील कर्मचाऱ्याच्या हातातील बारकोड वाचणारे यंत्र पाहून, मोटारीसाठी होते ते रुग्णासाठी का होऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. तो आज्ञावलीत उतरविणारी माणसे त्यांच्याच रुग्णालयात होती, ही बाब या प्रसंगात सर्वांत महत्त्वाची आहे. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सचे रुग्णालय बंद पडले, तरी तेथील माजी सैनिकांच्या नोंदी अन्य शहरांतील डॉक्टरांना वाचता आल्या. २००६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातर्फे शासकीय नवोपक्रमासाठी दिला जाणारा पुरस्कार व्हिस्टास मिळाला. आज्ञावली सार्वजनिक मालकीची असल्याने जॉर्डनने आपल्या 'हकीम' कार्यक्रमासाठी ती घेतली. भारतात मॅक्स हेल्थकेअर या खासगी रुग्णालय समूहानेही व्हिस्टावर आधारलेली प्रणाली स्वीकारली.

कसोटी बदलली

जे व्हिस्टाचे बळ होते, तेच पुढे तिचे ओझे झाले. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या सोयीने बदल केल्यामुळे सुमारे १३० निरनिराळ्या आवृत्त्या निर्माण झाल्या आणि एक सुधारणा सर्वत्र पोहोचविणे अवघड होऊन बसले. मम्प्स जाणणारी पिढी निवृत्त होऊ लागली. ही भाषा जुनी म्हणून टाकाऊ, असेही म्हटले गेले. तो आक्षेप मात्र टिकणारा नाही. अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयांत स्थिरावलेली 'एपिक' ही खासगी प्रणालीही त्याच भाषेच्या परंपरेवर उभी आहे.

खरा दबाव आला तो दुसरीकडून. इराक व अफगाणिस्तानातून परतणाऱ्या जखमी सैनिकांची नोंद संरक्षण खात्याकडे राही आणि पुढील उपचार माजी सैनिक विभागाकडे होत. दोन्ही नोंदी जुळाव्यात, असा आग्रह काँग्रेसने धरला. २०११ मध्ये दोन्ही खात्यांनी एकच समाईक प्रणाली उभारण्याचे ठरविले. सुमारे ५६ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २०१३ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. २०१५ मध्ये संरक्षण खात्याने स्पर्धात्मक निविदेतून 'सर्नर' या कंपनीची प्रणाली निवडली. त्यानंतर ५ जून २०१७ रोजी माजी सैनिक विभागाचे सचिव डेव्हिड शल्किन यांनी आपला विभागही तीच प्रणाली घेईल, असे जाहीर केले. सार्वजनिक हिताचे कारण देऊन स्पर्धात्मक निविदा टाळण्यात आली. मे २०१८ मध्ये दहा वर्षांसाठी सुमारे १० अब्ज डॉलरचा करार झाला.

या निर्णयामागील युक्तिवाद दुर्बळ नव्हता. सैनिकाची नोंद भरतीपासून वृद्धापकाळापर्यंत अखंड राहावी, ही अपेक्षा न्याय्यच होती. परंतु या एका निकषाने बाकीचे सर्व निकष झाकून टाकले. संरक्षण खात्याचे सैनिक रुग्ण बहुतांशी तरुण असतात; माजी सैनिकांत दीर्घकालीन व्याधी, मानसिक आजार आणि एकाच वेळी अनेक औषधे यांचे प्रमाण मोठे. अमेरिकेतील व्यापारी प्रणालींच्या घडणीवर तेथील देयकपद्धतीचा मोठा प्रभाव आहे, तर माजी सैनिक रुग्णालयांचे काम मुख्यतः शासकीय निधीवर चालते. रोजच्या कामास प्रणाली कितपत साजेल, हा प्रश्न करारानंतरचा मानला गेला. तो आधीचा असावयास हवा होता.

स्पोकेनचा अनुभव

२४ ऑक्टोबर २०२० रोजी वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील मॅन-ग्रँडस्टाफ रुग्णालयात नवी प्रणाली प्रथम सुरू झाली. डॉक्टरने लिहिलेली तपासणीची किंवा पुढील भेटीची सूचना कोठे पाठवावयाची, हे प्रणालीस जुळले नाही, तर ती 'अज्ञात रांग' म्हणता येईल अशा एका कप्प्यात जाऊन पडे. लिहिणाऱ्यास त्याची कल्पना दिली जात नसे. पडद्यावर सूचना दिली गेलेली दिसे. रुग्णाला बोलावणे मात्र जात नसे. विभागाच्या महानिरीक्षकांच्या जुलै २०२२ मधील अहवालानुसार अशा सूचना ११,००० हून अधिक होत्या आणि त्यांतून रुग्णांस अपाय झाल्याच्या १४९ घटना आढळल्या. कागदी केसपेपर हरवला, तर तो हरवल्याचे निदान कळते. येथे तेही कळत नव्हते.

२०२२ मध्ये वॉला वॉला, कोलंबस, रोझबर्ग व व्हाइट सिटी येथे प्रणाली सुरू करण्यात आली. त्याच वर्षी सर्नर कंपनी 'ओरॅकल'ने विकत घेतली आणि एका स्वतंत्र अंदाजात २८ वर्षांचा एकूण खर्च सुमारे ५० अब्ज डॉलर इतका दाखविण्यात आला. एप्रिल २०२३ मध्ये विभागाने पुढील रुग्णालयांतील काम थांबविले. मे महिन्यात करार नव्याने करताना पाच वर्षांच्या मुदतीऐवजी एकेक वर्षाच्या पाच मुदती ठरविण्यात आल्या. म्हणजे प्रणाली पुढे चालवावी की नाही, हे दर वर्षी तपासून पाहण्याचा अधिकार विभागाने आपल्याकडे घेतला. काम थांबले तेव्हा सुमारे १७० रुग्णालयांपैकी नवी प्रणाली केवळ पाच ठिकाणी पोहोचली होती. उरलेल्या ठिकाणच्या नोंदी व्हिस्टामध्येच लिहिल्या जात होत्या आणि दोन्ही प्रणाली चालविण्याचा खर्च विभागास एकाच वेळी करावा लागत होता.