देवस्व, अवशेष, अडगळ : एका वाचन-संकल्पाच्या निमित्ताने

‘प्राचीन अवशेष आणि कादंबरी’ या विषयावरील एक वाचन-संकल्प प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर लागोपाठ दोन वर्षे चालविला. पहिल्या वर्षी त्याला स्पर्धेचे रूप दिले होते. जो अधिक कादंबऱ्या वाचील त्याला पारितोषिक, असा साधा नियम होता. परिणाम व्हायचा तोच झाला. पाने मोजली गेली, कथासार एकमेकांच्या वहीतून उतरले आणि चर्चा ‘रहस्य चांगले जमले आहे’ या अभिप्रायापलीकडे सरकली नाही. दोष योजकाचा होता. दुसऱ्या वर्षी पारितोषिक रद्द केले, कादंबऱ्यांची संख्या घटविली आणि वस्तुसंग्रहालयाच्या दाखल-नोंदवहीसारखी एक वही प्रत्येकाला ठेवावयास सांगितली. तिचे रकाने चार : वस्तू मूळची कोठली, ती कोणी व कशी मिळविली, मध्यंतरी कोणाकोणाच्या हाती गेली, आणि कादंबरी संपते तेव्हा ती कोठे आहे. आवडनिवड नोंदविण्यास रकाना नव्हता.

या कोरड्या नोंदींनीच संकल्पाच्या शीर्षकावर आक्षेप घेतला. तो आक्षेप उद्भवला विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ या १८६८ च्या कादंबरीपाशी. इंग्रजी रहस्यकथेच्या इतिहासात तिचे स्थान सर्वज्ञात आहे. तो इतिहास येथे उगाळण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिच्यातील हिरा. कॉलिन्सच्या कथेनुसार तो सोमनाथच्या चंद्रदेवतेच्या मूर्तीवर होता. गझनीच्या महमुदाच्या स्वारीतून वाचवून मूर्ती काशीस नेण्यात आली, औरंगजेबाच्या काळात हिरा लुटला गेला आणि पुढे तो टिपूच्या खंजिराच्या मुठीत बसला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा हर्नकॅसल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रक्षकांना मारून तो पळविला. सोमनाथ हे शंकराचे ज्योतिर्लिंग. तेथे चंद्राची मूर्ती कल्पिण्यात लेखकाने नावातील ‘सोम’ फारच शब्दशः घेतला, हे आपल्या वाचकास लगेच खटकते. तथापि या चुकीपेक्षा दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. कादंबरी अनेक निवेदकांनी सांगितली आहे : जुना कारभारी, धर्मवेडी नातेवाईक, वकील, वैद्याचा मदतनीस. हिऱ्याच्या पाठोपाठ समुद्र ओलांडून, म्हणजे आपली जात गमावून, आलेल्या तीन ब्राह्मणांपैकी एकालाही निवेदनाचा अधिकार नाही. हिरा अखेर काठेवाडात देवाच्या कपाळी परतला, हे देखील आपल्याला एक इंग्रज प्रवासीच सांगतो.

वर्गातील एका विद्यार्थिनीने पहिल्या रकान्यात ‘वस्तू’ हा शब्द खोडून ‘देवस्व’ लिहिले. तिचे म्हणणे असे की, ज्याची पूजा चालू आहे ते ‘अवशेष’ कसे होईल? अवशेष म्हणजे मागे उरलेले. आणि येथे तर रक्षकांच्या पिढ्यांचा क्रम अखंड आहे. हा मुद्दा वरवर शब्दच्छलाचा वाटला तरी तसा नाही. पूजेतून वा वापरातून वस्तू तोडली जाते तेव्हाच ती अवशेष होते, आणि या जातीची कादंबरी नेमकी त्या तोडण्यापासून सुरू होते. यॉर्कशरमधील घरात तोच हिरा वाढदिवसाची भेट असतो आणि वीस हजार पौंडांची मालमत्ताही. त्याचे तुकडे पाडावेत, म्हणजे त्याचे पावित्र्य संपेल, असाही विचार कादंबरीत होतो. कॉलिन्सला ही कल्पना दूरची नव्हती. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंहाकडून लाहोरच्या तहान्वये घेतलेला कोहिनूर १८५२ मध्ये लंडनला कापण्यात आला आणि सुमारे १८६ कॅरटांचा १०५ वर आला. १८४२ ची ‘सोमनाथच्या दरवाजां’ची कथा तर कादंबरीहून विलक्षण आहे. गव्हर्नर-जनरल एलेनबरोने गझनीहून ते गाजावाजा करून आणविले. पुढे ते सोमनाथचे नव्हतेच असे ठरले आणि आग्ऱ्याच्या किल्ल्यात पडून राहिले. पुनःस्थापनेचा सोहळा सरकारने करावयाचा आणि वस्तूही त्यानेच ठरवावयाची, हा प्रकार कॉलिन्सच्या शेवटाआधी सव्वीस वर्षे घडून गेला होता.

रायडर हॅगर्डच्या ‘शी’विषयी थोडक्यात सांगता येईल. तिच्यातील खापर हॅगर्डने खरोखरच बनवून घेतले व त्याची चित्रे पुस्तकात छापली. अवशेष नसेल तर घडवावा, पण दाखला हवा! साम्राज्याच्या कादंबरीला पुराव्याची केवढी भूक होती, हे यावरून दिसते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला राखालदास बंद्योपाध्याय. मोहेंजोदडोच्या उत्खननाशी जोडलेले हे नाव आपल्याकडे पुरातत्त्वज्ञ म्हणून परिचित आहे, कादंबरीकार म्हणून नाही. त्यांच्या १९१४ च्या ‘पाषाणेर कथा’मध्ये भारहुतच्या स्तूपाचा एक दगडच निवेदक आहे. बंगाली जाणणाऱ्या एका सहकाऱ्याने ती आम्हांस प्रकरणवार सांगितली. कनिंगहॅमने १८७३ मध्ये भारहुतला भेट दिली तेव्हा परिसरातील लोकांनी स्तूपाचे पुष्कळ दगड घरांसाठी नेलेले होते. उरलेला कठडा पुढे कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला. त्याच संग्रहालयात राखालदास नोकरीस होते. ज्या दगडांवर त्यांनी नोंदपत्रे लिहावयाची, त्यांनाच त्यांनी बोलते केले. कॉलिन्सने ब्राह्मणांना जे दिले नाही ते येथे दगडाला मिळाले. चौथ्या रकान्यात मात्र बहुतेकांनी ‘कलकत्ता’ लिहिले. एकाने ‘आणि घरांच्या भिंतींत’ अशी भर घातली. ती भर मला मूळ नोंदीपेक्षा मोलाची वाटते.

कारण त्या भिंतीपासून नेमाड्यांच्या ‘हिंदू’पर्यंतचे अंतर फार नाही. २०१० च्या या कादंबरीचा खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून तो मोरगावला परततो. येथे कोणी काही पळविलेले नाही. प्राचीनता घरात, शेतात, नात्यांत पसरलेली आहे, आणि तिला उपशीर्षकात शब्द आला आहे तो ‘अडगळ’. अडगळ चोरीला जात नाही आणि फेकवतही नाही. नोंदवहीचे चारही रकाने या कादंबरीपुढे निरुपयोगी ठरले. विद्यार्थ्यांनी ते कोरे ठेवले, आणि प्रस्तुत लेखकानेही भरण्याचा आग्रह धरला नाही.

यादीबाहेरची एक नोंद मात्र वहीत राहू दिली. त्र्यंबकजवळच्या एका विद्यार्थ्याने कादंबरी नसताना ‘नासक’ हिऱ्याची ओळ भरली होती. पहिला रकाना : त्र्यंबकेश्वर. दुसरा : १८१८, पेशवाईच्या अखेरीस कंपनीच्या हाती. तिसरा : लंडनमध्ये विक्री, नव्याने पैलू, पुढे अमेरिका. १९२० च्या दशकात तेथे तो ‘कलात्मक पुरावस्तू’ म्हणून जकातीविना आणला गेला आणि तो खरोखर पुरावस्तू आहे की व्यापाराचे रत्न, यावर न्यायालयात वाद झाला. १९४० मध्ये तो पुन्हा कापला गेला. आता तो ४३.३८ कॅरटांचा आहे. चौथ्या रकान्यात त्या मुलाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते. शाईने लिही, एवढेच मी त्याला म्हणालो.