साडेअकरा ते साडेबारा

8 मार्च 2023 रोजी डेटाडॉग या अमेरिकन कंपनीचे दहा हजारांच्या पटीतले सर्व्हर एका तासाच्या आत नेटवर्कवरून गेले. हल्ला झाला नव्हता, केबल तुटली नव्हती, चुकीची कमांडही कुणी दिली नव्हती. पुढच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

जुलै 2021

सिस्टिमडीची 249 वी आवृत्ती येते. लिनक्स संगणक चालू झाला की कोणती सेवा आधी आणि कोणती नंतर उठवायची, हे सिस्टिमडी पाहते. तिच्यातला नेटवर्कडी हा भाग नेटवर्क उभं करतो.

या आवृत्तीपासून नेटवर्कडीला एक नवी सेटिंग मिळते: मॅनेजफॉरेनराउटिंगपॉलिसीरूल्स. ती ‘येस’ असेल, तर राउटिंगचे, म्हणजे पॅकेट कुठे जाणार हे ठरवणारे, जे नियम आपल्या फायलींत नाहीत ते नेटवर्कडी काढून टाकतो. फक्त कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वतः घातलेले नियम ठेवतो. ‘नो’ असेल, तर इतरांच्या नियमांना हात लावत नाही. सेटिंग लिहिलीच नसेल, तर ‘येस’ धरलं जातं. मॅन पेजवर, म्हणजे सोबतच्या माहितीपानावर, हे सगळं नोंदलेलं आहे.

21 एप्रिल 2022

उबंटू हे लिनक्सचं एक रूप. त्याचं 22.04 प्रसिद्ध होतं. त्यात सिस्टिमडी 249 आहे. आधीच्या 20.04 मध्ये 245 होती.

त्यानंतरचे महिने

डेटाडॉगचं काम दुसऱ्यांच्या सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचं. काही बिघडलं की ग्राहकाच्या माणसाला उठवायचं. कंपनीचे स्वतःचे सर्व्हर तीन क्लाउड कंपन्यांकडे, पाच रीजनमध्ये विखुरलेले. एक रीजन पडला तरी बाकीचे उभे राहावेत, म्हणून ते मुद्दाम वेगळे ठेवलेले. यातले बहुतेक सर्व्हर आता उबंटू 22.04 वर गेले आहेत.

सर्व्हरवर मशीनांना कामं वाटून देणारं कुबरनेटीस चालतं आणि त्याचं नेटवर्क सिलियम हे सॉफ्टवेअर सांभाळतं. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या जागी ठरलं.

साध्या लिनक्स संगणकावर राउटिंगचे तीन नियम असतात. पहिल्याचा क्रमांक 0. आलेलं पॅकेट याच मशीनसाठी आहे का, हे तो ‘लोकल’ टेबलात पाहायला लावतो. उरलेले दोन 32766 आणि 32767. सिलियमला स्वतःचा एक नियम सर्वांच्या आधी बसवायचा असतो. तो 9 क्रमांकावर जातो. त्याला जागा मिळावी म्हणून ‘लोकल’चा नियम 0 वरून उचलून 100 वर ठेवला जातो. काम तेच, क्रमांक वेगळा. पण आता तो नियम कर्नेलने घातलेला राहत नाही. नेटवर्कडीच्या लेखी तो परका.

आता क्रम बघा. सर्व्हर चालू होतो, तेव्हा नेटवर्कडी आधी उठतो. परके नियम अजून कुणी घातलेलेच नसतात, त्यामुळे काढायलाही काही नसतं. सिलियम नंतर येतं, आपले नियम बसवतं आणि सर्व्हर कामाला लागतो. रीबूट केला तरी हेच. नव्या इमेजवरून नवा सर्व्हर उभा केला तरी हेच. दोन्ही वेळा सगळं सुरळीत.

दोष दिसायला एकच वाट होती: सिलियम चालू असताना नेटवर्कडी रीस्टार्ट व्हायला हवा. लॅपटॉपचं वायफाय आपोआप जोडलं जात नाही, तेव्हा आपण सगळे नेटवर्कची सेवा रीस्टार्ट करतो आणि नाहीच जमलं तर रीबूट करतो. रीबूट हा शेवटचा, खात्रीचा उपाय, असंच आपण मानतो. इथे रीबूटनंतर सगळं ठीक दिसणं, याच गोष्टीने दोष झाकून ठेवला.

डेटाडॉग नवे अपडेट आपल्या पद्धतीने, टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर नेत असे. पण उबंटूच्या इमेजमध्ये सुरक्षा अपडेट आपोआप बसवणारी एक जुनी वाटही चालू राहिली होती. तिची गरज उरली नव्हती. ती कुणी बंद केली नाही.

मंगळवार, 7 मार्च 2023

उबंटूच्या भांडारात सिस्टिमडीसाठी सुरक्षा दुरुस्ती येते. महाराष्ट्रात त्या दिवशी धुळवड.

बुधवार, 8 मार्च, सकाळी 11:30

उबंटूवर एपीटी-डेली-अपग्रेड नावाचा टायमर असतो. तो रोज सकाळी 6 ला सुटतो. सर्व्हरची घड्याळं यूटीसीवर असतात, म्हणजे आपले साडेअकरा. सगळी मशीन एकाच क्षणी भांडारावर तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येक मशीन 0 ते 60 मिनिटांची यादृच्छिक सवड घेतं.

न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा 1 वाजला आहे. कंपनीचं मोठं कार्यालय पॅरिसमध्ये आहे. तिथे सकाळचे 7.

पहिल्या मशीनवर दुरुस्ती बसते. सिस्टिमडी बदलली, म्हणून नेटवर्कडी रीस्टार्ट होतो. नियमांची यादी वाचतो. परके नियम काढतो. 100 क्रमांकाचा नियमही जातो.

मशीन चालू आहे. डिस्क शाबूत आहे. पण आपल्याच पत्त्यावर आलेलं पॅकेट आपलं आहे, हे त्याला कळत नाही. स्वतःच्या नावाचं पत्र हातात असून नाव वाचता न येणाऱ्या माणसासारखं ते जागच्या जागी थांबतं.

11:33

डेटाडॉगच्या अंतर्गत देखरेखीचा पहिला इशारा. तपास सुरू होतो.

याच मिनिटापासून ग्राहकांना संकेतस्थळ उघडत नाही. पाचही रीजनमध्ये एकदम हे व्हावं, असं त्या रचनेत काहीच नव्हतं. रीजन एकमेकांशी जोडलेले नाहीत. क्लाउड कंपन्या वेगळ्या. सर्वांना समान असलेली गोष्ट प्रत्येक मशीनच्या आत होती: तोच टायमर, तोच तास.

11:50 नंतर

तपासाच्या अठराव्या मिनिटाला कंपनी अंतर्गत पातळीवर गंभीर घटना जाहीर करते. मशीन एकेक करून जातच आहेत. ज्याची सवड 5 मिनिटांची होती ते गेलं आहे, ज्याची 50 मिनिटांची आहे ते अजून काम करतं आहे.

पडलेल्यांत कुबरनेटीसचा कंट्रोल प्लेन चालवणारी मशीनही आहेत. बंद पडलेलं काम दुसऱ्या मशीनवर हलवणं ही त्याची जबाबदारी. तोच गेल्यामुळे यंत्रणेला स्वतःला सावरता येत नाही.

दुपारी 12:01

स्टेटस पेजवर पहिली सार्वजनिक सूचना: अडचण आहे.

12:30

टायमरची 60 मिनिटं संपतात. ज्यांच्यावर अपडेट यायचं होतं, त्या सर्वांवर ते येऊन गेलेलं असतं.

12:53

दुसरी सूचना. माहिती गोळा होणं आणि मॉनिटर, म्हणजे इशारे देणारी तपासणी, दोन्हींवर परिणाम झालेला असू शकतो, हे प्रथमच सांगितलं जातं. पहिल्या इशाऱ्याला 80 मिनिटं झाली आहेत.

मला या घटनेतला हा तुकडा सर्वांत गंभीर वाटतो. पुण्या-मुंबईत भर कामाची वेळ. ज्यांची देखरेख डेटाडॉगवर होती, त्यांच्या फोनवर इशारा आला नाही. इशारा न येण्याचा अर्थ एरवी एकच असतो, की सगळं ठीक आहे. त्या 80 मिनिटांत तो अर्थ धरता येत नव्हता, आणि तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

2:43

सावरण्याची पहिली खूण. संकेतस्थळ पुन्हा उघडू लागतं.

इथून क्लाउड कंपन्यांमधला फरक आड येतो. काही ठिकाणी ऑटोस्केलिंगने, म्हणजे मशीनची संख्या आपोआप राखणाऱ्या यंत्रणेने, बिघडलेली मशीन ओळखली, पण लगेच मोडीत काढली नाहीत. त्यांना नुसता रीबूट पुरला: नेटवर्कडी आधी, सिलियम नंतर, आणि डिस्कवरचा डेटा जागेवर. दुसरीकडे ऑटोस्केलिंगने बिघडलेलं मशीन तत्काळ काढून नवं मागवलं. एरवी हीच योग्य वागणूक. पण जुन्या मशीनवरचा डेटा त्याच्याबरोबर गेला, आणि एकाच वेळी इतकी नवी मशीन मागितली गेली की क्लाउड कंपनीच्या त्या रीजनमधल्या मर्यादांवर ताण आला.

पुढच्या तासांत 450 ते 750 माणसं चार पाळ्यांत काम करतात. जवळपास 70 जण आपापल्या भागाचं नेतृत्व करतात.

गुरुवार, 9 मार्च, दुपारी 2:28

मुख्य सेवा चालू झाल्याचं जाहीर होतं. साठून राहिलेली जुनी माहिती भरणं अजून बाकी.

शुक्रवार, 10 मार्च, सकाळी 11:55

पाचही रीजनमधली जुनी माहिती भरून होते. पहिल्या इशाऱ्यापासून 48 तास 22 मिनिटं.

जुनी अपडेटची वाट सर्वत्र बंद केली गेली. रीस्टार्ट झाला तरी नेटवर्कडीने राउटिंगला हात लावू नये, अशी सेटिंग केली गेली. अशा आणखी कुठल्या वाटा उघड्या राहिल्या आहेत का, याची तपासणी झाली. मे महिन्यात तिमाहीचे आकडे सांगताना कंपनीने या घटनेने बुडालेल्या महसुलाचा अंदाज दिला: सुमारे 50 लाख डॉलर.