भिवंडीचें चालतें भांडवल

एखाद्या गांवाची संपत्ति मोजावयाची झाल्यास आपण तेथील जमीन, घरें, दुकानें व यंत्रें यांची मोजदाद करितों. परंतु या सर्वांहून मोलाचा एक ठेवा कोणत्याहि खातेवहींत दिसत नाहीं. तो म्हणजे माणसांच्या हातांतील कसब आणि त्यांच्या डोक्यांतील विद्या. अर्थशास्त्रज्ञ त्यास ‘मानवी भांडवल’ म्हणतात. या भांडवलाचें वैशिष्ट्य असें, कीं त्याला पाय असतात. कारागिरांच्या परदेशगमनास इंग्लंडनें बंदी केली असतांहि १७८९ सालीं सॅम्युएल स्लेटर नांवाचा तरुण सूतगिरणीच्या यंत्रांची रचना डोक्यांत सांठवून अमेरिकेस निघून गेला, आणि तेथील वस्त्रधंद्याचा पाया घातला गेला. असल्या स्थलांतराचे तीन प्रसंग ठाणें जिल्ह्यांतील भिवंडीच्या इतिहासांत घडले आहेत. ते एकत्र ठेवून पाहिल्यास आजच्या वाचकालाहि त्यांतून कांहीं शिकण्यासारखें आहे.

१६५७ सालीं शिवछत्रपतींनीं कल्याण व भिवंडी हीं ठाणीं घेतलीं आणि लवकरच खाडीच्या कांठीं लढाऊ जहाजें बांधण्यास आरंभ केला. या कामावर त्यांनीं रुय लैतांव व्हिएगश या पोर्तुगीजास व त्याच्या हाताखालील शेंकडों माणसांस ठेविलें होतें. हें आरमार उद्यां आपल्यावरच उलटेल, हें भय वसईच्या अधिकाऱ्यांस वाटणें साहजिक होतें. त्यांनीं १६५९ सालीं आपल्या लोकांस फितवून घेतलें आणि हीं सर्व माणसें काम टाकून निघून गेलीं. महाराजांचें आरमार मात्र अडलें नाहीं. कोळी, भंडारी इत्यादि किनाऱ्यावरील लोकांच्या बळावर तें वाढतच गेलें. उसनी आणलेली विद्या घरच्या माणसांत रुजली, तरच ती आपली होते, हा या प्रसंगाचा बोध.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतील अनेक मुसलमान विणकर कुटुंबें दक्षिणेकडे आलीं व त्यांपैकीं पुष्कळ भिवंडींत स्थिरावलीं. पुढें तेलंगणांतील पद्मशाली विणकरहि आले. पद्मनगर ही वस्ती त्यांची साक्ष देते. योगायोग असा, कीं मुंबई विद्यापीठाची स्थापनाहि १८५७ चीच. विद्यापीठानें वकील, वैद्य, शिक्षक आणि कारकून निर्माण केले. गिरण्यांस जाणते लोक मिळावे म्हणून १८८७ सालीं भायखळ्यास व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. भिवंडी मुंबईहून कांहीं कोसांवरच. पण तेथील शाळा म्हणजे हातमागाचा खड्डा. बाप माग चालवी आणि शेजारीं बसलेला पोर कांड्या भरी. ही शाळा खरी होती. परंतु बापाला ठाऊक नव्हतें, तें तिच्यांत मुलाला मिळण्याची सोय नव्हती. पुढें हातमाग जाऊन यंत्रमाग आला, तरी शिकण्याची रीत तीच राहिली. बापाच्या जागीं जॉबर आला, इतकेंच.

तिसरा प्रसंग पुष्कळांच्या आठवणींतला. गिरण्यांतील मागांच्या संख्येवर सरकारनें १९५६ सालीं मर्यादा घातल्यापासून लहान यंत्रमागांचें फावत गेलें होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार संपावर गेले. त्यांपैकीं पुष्कळांस परत गिरणीचा दरवाजा दिसलाच नाहीं. गिरण्यांचें विणकाम भिवंडीकडे वळलें, मोडींत निघालेले माग तिकडे गेले आणि त्यांच्यामागोमाग कांहीं कामगारहि. एका महानगराचें पिढ्यांचें कसब भिवंडीच्या पदरांत आयतें पडलें. पण त्याचा उपयोग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, मालाच्या मापानें मिळणाऱ्या मजुरीवर, जुन्याच मागावर साधें कापड काढण्यापुरता झाला.

आतां इचलकरंजीकडे पाहा. तेथें पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनीं १९०४ सालीं बसविला, त्यास जहागिरीचे अधिपति नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा आश्रय होता. आणि ज्या १९८२ सालीं मुंबईचे माग भिवंडीस जाऊं लागले, त्याच सालीं इचलकरंजीच्या पुढाऱ्यांनीं दत्ताजीराव कदम यांच्या नांवानें वस्त्रविद्येचें व यंत्रविद्येचें महाविद्यालय काढलें. पुढें तेथें धोट्याविना चालणारे नवे माग मोठ्या संख्येनें आले. एका महाविद्यालयानेंच सारा फरक घडविला, असें म्हणणें धाडसाचें होईल. इचलकरंजीस सहकारी सूतगिरण्यांचें पाठबळ होतें, तर भिवंडीस १९७० व १९८४ च्या दंगलींचे घाव सोसावे लागले. तथापि शिकलेला तरुण ज्या गांवीं आपल्या धंद्याविषयीं प्रश्न विचारूं शकतो, तें गांव यंत्र जुनें झाल्यावरहि निरुपाय होत नाहीं.

भिवंडींत विद्येची आस्था नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. तेथें बी. एन. एन. महाविद्यालय निघालें; १९८९ सालीं स्त्रियांसाठीं जी. एम. मोमिन महाविद्यालय निघालें. ज्या घरांत आजी कांड्या भरीत असे, त्या घरांतील मुलीला पदवीची वाट मोकळी झाली, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. उणीव राहिली ती एवढीच, कीं गांव ज्या धंद्यावर जगलें, त्याचें उच्च शिक्षण गांवाच्या वेशींत आलें नाहीं. पदवी आणि माग यांची गांठ पडली नाहीं. शिकलेला मुलगा मागापासून दूर गेला आणि मागावरचा मुलगा पुस्तकापासून दूरच राहिला.

आज भिवंडींत अनेक माग भंगाराच्या भावानें विकले जात आहेत, आणि भोंवतालच्या शेतांत प्रचंड गोदामें उभीं राहिलीं आहेत. गोदामें पोट भरतात, त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु ज्याच्या पणजोबानें आपली विद्या शेंकडों कोस पायीं वाहून आणली, त्या मुलानें दुसऱ्यांनीं विणलेल्या कापडाचे गठ्ठे केवळ उचलून ठेवावे, यांत गांवाचें जें नुकसान आहे तें कोणत्याहि हिशेबांत धरलें जात नाहीं. माग विकला तर पुन्हां विकत आणतां येतो. तो चालविणारा हात आणि सुधारणारें डोकें एकदां गांव सोडून गेलें, म्हणजे तें परत येईल याची शाश्वति कोणीं द्यावी?