काच हिरवी का होते?

मत्स्यपेटी नवी असते तेव्हा तिच्याकडे पाहण्याचा कंटाळा येत नाही. महिनाभरात काचेवर तपकिरी थर धरू लागतो, पुढे हिरवे ठिपके उमटतात, पानांच्या कडांना काळपट केस फुटतात. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात तर एप्रिल उजाडला की चार-सहा दिवसांत पाणी मुगाच्या कढणासारखे दिसू लागते. मग दुकानातून ‘शेवाळ मारण्याचे औषध’ येते, काच आठवडाभर स्वच्छ राहते आणि पुन्हा तेच सुरू होते. अनेक घरांतील मत्स्यपेटी तिसऱ्या उन्हाळ्यात माळ्यावर जाते, ती याच कंटाळ्याने.

शेवाळाला वाढण्यास दोनच गोष्टी लागतात, प्रकाश आणि खत. खत आपणच घालत असतो. माशांनी खाल्लेले आणि न खाल्लेले अन्न शेवटी पाण्यातच कुजते. त्यातून अमोनिया निर्माण होतो, फिल्टरमधील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात, अन्नातील फॉस्फेटही पाण्यात साठते. या जिवाणूंची वस्ती स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे नव्या पेटीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडणाऱ्याच्या वाट्याला शेवाळही लवकर येते. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद-उंच अशा पेटीत रेती, दगड वजा जाता जेमतेम ४५ ते ५० लिटर पाणी मावते. त्यात दोन गोल्डफिशही गर्दीच करतात, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

हाच हिशेब आपल्याकडच्या तलावांतही दिसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील हजारो जुने तलाव मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा’ तलाव झाले. ज्या तलावात काठच्या उथळ पाण्यात हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या पाणवनस्पती टिकून आहेत, तेथे पाण्यातील खत त्या वनस्पती घेतात आणि शेवाळाला फारसे उरत नाही. भंडारा-गोंदिया भागात अभ्यासक मनीष राजनकर आणि ढिवर समाजातील मंडळींनी काही तलावांतील बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांच्याबरोबर देशी मासेही परतले. याच्या उलट चित्र चंद्रपूर शहरातील गोंडकालीन रामाळा तलावाचे. सांडपाण्याचे खत मिळत राहिल्याने तेथे इकॉर्नियाने वारंवार पाणी झाकले. तलावाच्या शुद्धीकरणासाठी २०२१ च्या फेब्रुवारीत ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे यांना उपोषणास बसावे लागले होते. मत्स्यपेटी हा तलावाचाच छोटा नमुना आहे, फरक इतकाच की तिचे खत आणि तिचा सूर्य दोन्ही आपल्या हाती असतात.

सूर्यापासूनच सुरुवात करावी. पश्चिमेच्या खिडकीसमोर पेटी ठेवू नये. दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा, आणि तोही ठरावीक वेळी. रात्री उशिरापर्यंत बैठकीची शोभा म्हणून जळणारा दिवा शेवाळाला मेजवानी ठरतो. साधा टायमर बसवला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. अन्न दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी निरोगी प्रौढ माशांना काही होत नाही. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी नळीने तळातील घाणीसह ओढून बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन जावा म्हणून ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे किंवा क्लोरिननाशकाचे थेंब टाकावेत. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा, अन्यथा उपयोगी जिवाणू धुऊन जातात.

शेवाळाची ओळख पटली तर निम्मे काम होते. नव्या पेटीतील तपकिरी भुकटीसारखा थर डायटमचा. तो बोटाने पुसला जातो आणि काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतो. काचेला चिकटलेले कडक हिरवे ठिपके जुन्या ब्लेडने खरवडावेत, मात्र पेटी अॅक्रिलिकची असल्यास ब्लेड लावू नये. पाणीच हिरवे झाले असेल तर दिवा बंद करून पेटीवर जाड चादर टाकावी, हवेचा पंप चालू ठेवावा आणि तीन-चार दिवसांनी भरपूर पाणी बदलावे. पानांच्या कडांवरील काळी दाढी हे खरे तर लाल शेवाळाच्या कुळातील, आणि सर्वांत चिवट. तिची पाने कापून टाकावीत; दगड व शोभेच्या वस्तू बाहेर काढून मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवाव्यात. या बाबतीत तरी चंद्रपूरचे ऊन कामी येते. निळसर-हिरवा, पापुद्र्यासारखा सुटणारा आणि कुबट वास येणारा थर दिसला तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू असतात. तो थर नळीने ओढून काढावा, पाण्याचा प्रवाह वाढवावा, पेटी काही दिवस अंधारात ठेवावी. त्यावर कोणी माणसांच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या सुचवतात. त्यामुळे फिल्टरमधील उपयोगी जिवाणूही मरू शकतात.

एक गोष्ट मात्र शेवाळाच्या नावावर उगाच खपते. राजुरा, कोरपना, जिवती या चुनखडीच्या पट्ट्यात विहीर-बोअरचे पाणी जड असते. पाण्याच्या रेषेवर बसणारा पांढरा खरखरीत थर क्षारांचा असतो. तो पेटीबाहेर व्हिनेगर लावलेल्या फडक्याने निघतो. नदीतून आणलेला दगड पेटीत ठेवण्यापूर्वी त्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर दगडात चुना आहे आणि तो पाणी आणखी जड करील. जड पाणी सर्वस्वी वाईट असते असे नाही. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया यांना बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येत असल्याने त्या अशा पाण्यात उत्तम वाढतात.

उन्हाळ्यात जपावे लागते ते प्राणवायूला. पाणी २५ अंशांवर असताना एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३२ अंशांवर तो ७.३ पर्यंत उतरतो. बाहेर पारा ४६-४७ वर असताना दाट शेवाळ रात्रभर त्यातलाच प्राणवायू वापरते. अशा वेळी औषधाने सगळे शेवाळ एकदम मारले तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. प्रस्तुत लेखकाने एका मे महिन्यात संध्याकाळी असे औषध टाकले, रात्री वीज गेली आणि पंप थांबला. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे काढून होते, त्यांतील दोन वाचले. अनेक शेवाळनाशकांत तांबे असते. गोगलगायी आणि झिंगे यांना ते घातक, आणि मऊ पाण्यात माशांनाही अधिक विषारी. औषध वापरायचेच झाले तर आधी शेवाळ हाताने काढावे, मात्रा कमी ठेवावी आणि ते सकाळी टाकावे. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा वारा घालत राहिल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते. उडून गेलेल्या पाण्याची भर शक्य तर मऊ पाण्याने घालावी, कारण क्षार मागेच राहतात.

‘शेवाळ खाणारा मासा’ म्हणून विकला जाणारा सकर हा दुसरा सोपा उपाय. बोटाएवढा असताना तो काच चाटतो, पण मोठा होताना दीड फुटापर्यंत जातो, शेवाळापेक्षा माशांचे अन्न पसंत करतो आणि स्वतःच भरपूर खत करतो. त्याऐवजी पेटीला सोसतील इतके छोटे झिंगे किंवा गोगलगायी ठेवाव्यात आणि मुख्य भार झाडांवर सोपवावा. पेटी नवी असतानाच निम्मा तळ झाडांनी भरावा. दोन-चार काड्या लावून उपयोग नाही. झाडे गावतलावातून आणायची तर मत्स्य सहकारी संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला विचारून ओंजळभरच आणावीत. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबातून वा राखीव जंगलातून काडीही उचलणे गुन्हा आहे. आणलेली झाडे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्यात धुतली की जळवा आणि गोगलगायींची अंडी बरीचशी टळतात.

कापलेली झाडे आणि नको झालेले मासे नाल्यात, नदीत वा तलावात कधीही सोडू नयेत. आपल्याकडे निरुपद्रवी असणारी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले जलमार्ग तिने अडवले. आपल्या तलावांत माजलेली इकॉर्निया मूळची दक्षिण अमेरिकेची, शोभेची म्हणून आणलेली. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर अडकतो, तोही मूळचा कुणाच्या तरी पेटीतला. झाडे उन्हात वाळवून कुंडीत पुरावीत, मासा दुकानदाराला परत द्यावा. आठवड्याला बदललेले हिरवट पाणी बागेतल्या झाडांना घालावे. शेवाळाला मिळालेले तेच खत तुळशीलाही चालते.